मापाची पेटी

उन्हाळ्याची सुट्टी लागली की हेमावतीच्या शाळेतल्या बाकीच्या बाया माहेरी निघायच्या. हेमावती कुठे जाणार? ती माहेरातच होती आणि तिथेच चाळिशीला टेकली होती. लग्न का झालं नाही हे विचारणारी माणसं एकेक करून थकली, काही वारली. आता बेंगळुरातल्या बळेपेटेत लहानथोर सगळे तिला हेमक्का म्हणत आणि पुढचं काही विचारत नसत.

चामराजपेटेतल्या एका प्राथमिक शाळेत ती गाणं शिकवायची. गाणं म्हणजे काय, तर सकाळची प्रार्थना, पंधरा ऑगस्टची दोन गाणी आणि पाहुणे आले की स्वागतगीत. पाहुणे बदलायचे, गीत तेच. दहा एप्रिलला शाळेचं फाटक बंद झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी ती कानस घेऊन दुकानात बसायची आणि जूनपर्यंत उठायची नाही. याला सुट्टी म्हणायचं तर बैलाचा गोठा बदलण्यालाही विश्रांती म्हणावं लागेल.

दुकान पेट्यांचं, म्हणजे हार्मोनियमचं. तिचे वडील मुकुंदराव, ज्यांना घरीदारी सगळे आप्पाजी म्हणत, नव्या पेट्या बनवायचे, जुन्या दुरुस्त करायचे; पण त्यांचं नाव होतं ते सूर लावण्यात. त्यांचे आजोबा मिरजेकडून बेंगळुरात आले आणि इथलेच झाले. घरात मराठी टिकली, तीही कानडीचं बोट धरून चालणारी. पुढे दुकान, मागे दोन खोल्या आणि न्हाणी. शाळेचे तास सोडले तर हेमावतीचं आयुष्य एवढ्यात मावलं होतं.

पेटीच्या पट्टीखाली पितळेची एक बारीक जीभ असते. वारा लागला की ती थरथरते आणि वाजते. धंद्यात तिलाच सूर म्हणतात. जिभेचं टोक कानशीनं घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. शास्त्र एवढंच, बाकी सगळा कान. आप्पाजींच्या डाव्या हाताला त्यांच्या वडिलांनी लावलेली एक जुनी पेटी असायची. तिला मापाची पेटी म्हणत. ती विकायची नाही, तिच्यावर कुणी गायचं नाही, दसऱ्याला तिला हळदकुंकू लावायचं आणि पुन्हा कामाला जुंपायचं. उजव्या हाताला नवी पेटी. आप्पाजी आधी डावीकडचा सूर ऐकायचे, मग उजवीकडचा, आणि म्हणायचे, "चढव," नाही तर, "स्वल्प उतरव."

गल्लीतले बाकीचे कारागीर दोन्ही पेट्यांचे सूर एकदम वाजवून बघायचे. दोन सुरांत केसाएवढा फरक असला तरी एकत्र वाजताना आवाज हेलकावे खातो. हेलकावा थांबला की सूर जुळला, इतकं सोपं. आप्पाजींना ही रीत पसंत नव्हती. "ते काठी टेकत चालणं झालं," ते म्हणायचे. "कान असलेल्या माणसानं एकामागून एक ऐकावं."

त्यांचे हात कापायला लागले तेव्हा कानस हेमावतीच्या हातात आली. धाकटा भाऊ प्रवीणकुमार बँकेत लागला, शिमोग्याला गेला आणि दिवाळीचा पाहुणा झाला. मग बारा वर्षं कान आप्पाजींचे आणि हात हेमावतीचे, असा कारभार चालला. चुकलं की ते सांगत. बरोबर आलं की काही बोलत नसत, पुढची पट्टी दाबत.

गेल्या दसऱ्यात आप्पाजींना विषमज्वर झाला. तीन आठवड्यांनी उठले, दुकानात येऊन बसले, आणि पहिल्याच पेटीला हेमावतीच्या लक्षात आलं की काहीतरी बिघडलं आहे. जुळलेल्या सुराला ते चढव म्हणत होते. तिनं घासलं. मग शेजारच्या सुराला उतरव म्हणाले. तिनं तेही घासलं. दुपारी जेवून ते झोपले तेव्हा तिनं दोन्ही पेट्यांचे सूर एकदम दाबले. आवाज पाळण्यासारखा झुलत होता. आप्पाजींचा उजवा कान तापात गेला होता. ऐकू येत होतं, पण खोटं येत होतं. आज चढं, उद्या उतरतं, सर्दी झाली की आणखी वेगळं.

तिनं त्यांना सांगितलं नाही. कसं सांगणार? तुमकूरला पाठवलेल्या पेटीत एक सूर चुकला आहे असं रात्रभर डोक्यात राहिलं म्हणून दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं जाऊन ती पेटी परत आणणारा हा माणूस. त्याला कान गेला म्हणून सांगणं म्हणजे जिवंतपणी तिरडी बांधणं. तिनं मुकाट्यानं दुसरा मार्ग धरला. सकाळी ते सांगतील तसं घासायचं आणि दुपारी दोन ते चार ते झोपले की काठी टेकत, म्हणजे दोन्ही सूर एकदम वाजवत, सगळं परत जागेवर आणायचं. शाळा असेल तेव्हा धाकट्या वर्गाच्या बाईंना तास देऊन ती दुपारी धावत घरी यायची. मोठ्या सुट्टीत मात्र दोन्ही पाळ्या पुऱ्या. एकच पितळ दोनदा घासायचं, एकदा खोट्यासाठी आणि एकदा खऱ्यासाठी.

सहा महिन्यांत एकच पेटी तिच्या हातून निसटली. जानेवारीत शाळेचं स्नेहसंमेलन होतं आणि तिला दिवसभर सुटता आलं नाही. त्या सकाळी ती निघायच्या आधी आप्पाजींनी तिच्या हातून पेटी लावून घेतली आणि दुपारी गिऱ्हाईक येऊन तशीच घेऊन गेलं. गिऱ्हाईक पुण्याचं होतं, कुठल्या कॉम्प्युटर कंपनीत कामाला, नाव राजस. हेमावतीला ते नाव पाठ झालं होतं, कारण तो तक्रार घेऊन कधी येतो याची ती तीन महिने वाट बघत होती.

तो आला सुट्टी लागल्यावर पाचव्या दिवशी, दुपारी अडीच वाजता. आप्पाजी आत घोरत होते आणि ती कानस घेऊन एका पेटीच्या पोटात डोकं घालून बसली होती.

"ताई, काका आहेत का?"

"झोपलेत. काय काम आहे मला सांगा. हळू बोला."

राजस पंचविशीचा असेल, पाठीवर दप्तरासारखी पिशवी. तो ताकाला जाऊन भांडं लपवत होता. आधी ऊन फार आहे म्हणाला, मग बनशंकरीहून यायला बसेस नाहीत म्हणाला. शेवटी हेमावतीच म्हणाली, "जानेवारीतल्या पेटीचं ना? आणून द्या. दोन दिवसांत नीट करून देते. आप्पाजींना मात्र काही बोलू नका."

"नाही नाही, नीट नका करू," तो घाबरून म्हणाला. "ॲक्च्युअली आम्हाला अजून एक हवीये. सेम तशीच. त्या पेटीत दोन पट्ट्या एकदम दाबल्या ना, की आत काहीतरी फिरतं. स्लो. आम्ही तिघं मित्र आहोत, आम्ही त्याच्यावर एक अख्खी साइड केलीये. काकांनी ते कसं केलं, एवढंच विचारायचं होतं."

हेमावतीला वाटलं हा आपली थट्टा करतो आहे. पण त्याचा चेहरा देवळात आलेल्या माणसासारखा होता. त्यानं पिशवीतून एक कॅसेट काढून तिच्यापुढे ठेवली. वर नाव नव्हतं, झेरॉक्सच्या कागदाची घडी आणि हातानं काढलेला एक भाता. ही कुठल्या दुकानात मिळते असं तिनं विचारलं. मिळत नाही, तो म्हणाला. घरी भरायची, घरीच तिच्या प्रती काढायच्या आणि ज्याला हवी त्याला हातानं द्यायची. आतापर्यंत एकतीस माणसांकडे गेली आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं टू-इन-वन स्वयंपाकघरात नेला, दार लोटलं, आवाज एकदम बारीक केला आणि बटण दाबलं. मे महिना तोंडावर, खोलीत वारा नाही, पंखा लावावा तर कॅसेट ऐकू येणार नाही. सुरुवातीला काहीच नव्हतं. मग लांबून मिक्सरचा आवाज, त्याच्या खाली दोन स्टेशनांच्या मध्ये अडकलेला रेडिओ, आणि मग पेटी. गाणं नव्हतं, चाल नव्हती, ठेका नव्हता. दोन पट्ट्या दाबल्या होत्या आणि त्या दाबूनच ठेवल्या होत्या. त्यांच्यातला हेलकावा एक-दोन-तीन मोजावं इतका सावकाश येत होता आणि जात होता.

तिला आधी राग आला. तो आप्पाजींचा पंचम होता. त्यांच्या तापाची खूण होती ती, त्यांचं म्हातारपण होतं, आणि या पोरांनी ते उघड्यावर मांडून ठेवलं होतं. तिनं बंद करायला हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. सहा महिने ती हा हेलकावा कानशीनं मारत आली होती. दिसला की घास, दिसला की घास. तो कुठे जातो, थांबला नाही तर काय होतं, हे बघायला ती कधी बसलीच नव्हती. आता बसली. बावीस मिनिटांची बाजू संपली तेव्हा तिच्या पोलक्याची पाठ घामानं भिजली होती आणि ती रडत होती. का रडत होती ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. या घरात चुकलेल्या सुराला कुणी इतका वेळ दिला नव्हता, एवढं मात्र तिला कळलं.

त्यानंतर राजस दर गुरुवारी दुपारी येऊ लागला. जुनी कॅसेट घ्यायची, नवी द्यायची. त्याच्याकडे कुठून कुठून टपालानं काय काय येई. कोचीचा कुणी एकजण वीणेच्या तारा पार सैल सोडून बोटीच्या इंजिनाबरोबर वाजवायचा. शिलाँगच्या दोन बहिणी न्हाणीत बसून शब्दांशिवाय गायच्या आणि मध्येच एक हसायची, तेही त्यांनी तसंच ठेवलं होतं. कुणा परदेशी माणसानं पियानोच्या तारांत खिळे अडकवून वाजवलं होतं. ती प्रतीच्या प्रतीची प्रत, खरखर इतकी की पियानो शोधून काढावा लागे. यातलं रेडिओवर काही लागत नव्हतं, दुकानात काही मिळत नव्हतं. माणसानं माणसाला दिलं तरच पोचणारं. सगळं तिला आवडलं असं नाही. एका कॅसेटवर चाळीस मिनिटं कुणीतरी नुसता पत्रा घासत होता. कानस चालवणाऱ्या बाईला त्याचं काय कौतुक? ती तिनं दहा मिनिटांत परत फिरवली.

पण दुपारचे दोन तास आता तीन कामांना पुरवायचे होते. पेट्या नीट करायच्या, कॅसेट ऐकायची, आणि तिसरं काम तिनं स्वतःच काढलं. माळ्यावर वाळवीनं खाल्लेली एक पेटी पडून होती. ती तिनं खाली काढली आणि तिचे सूर लावायला घेतले, मापाच्या पेटीकडे न बघता, आपल्याला बरं वाटेल तसे. पहिल्या दिवशी तिला एकही सूर ठरवता आला नाही. चढवू की उतरवू? सांगायला कुणी नव्हतं आणि विचारायची इतकी सवय झाली होती की ती आपसूक मागे वळून आतल्या खोलीकडे बघायची. चार दिवसांनी एक गांधार असा लागला की तिनं भाता सोडलाच नाही. इतक्यात आत खाट करकरली. तिनं पेटीवर गोणपाट टाकलं, तोंड पुसलं आणि चहाचं आधण ठेवलं.

मे संपत आला. शेवटच्या आधीच्या गुरुवारी राजस म्हणाला, "ताई, एकतीसला शनिवार आहे. येलहंकाला मित्राचं घर आहे, रिकामं. सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत रेकॉर्ड करतोय. तुम्ही या. दोन पेट्या आहेत, त्या तुम्ही लावा. आणि तुम्हीच वाजवा."

"कशा लावू?"

"तुम्हाला हव्या तशा."

तिनं ते मनात चार वेळा म्हणून बघितलं. दोन जूनला शाळा उघडणार होती. पुन्हा प्रार्थना, पुन्हा स्वागतगीत. आयुष्यात एक दिवस तिला हवा तसा मिळत होता आणि तिला तो इतका हवा होता की तिची तिलाच लाज वाटली.

अडचण अशी की त्याच शनिवारी संध्याकाळी पाचला एका संगीत विद्यालयाची माणसं दोन नव्या पेट्या न्यायला येणार होती. पेटी जायच्या दिवशी सकाळी आप्पाजी शेवटचा हात फिरवत. म्हणजे शनिवारी ती निघायच्या आधी ते तिच्याच हातून दोन्ही पेट्या बिघडवणार आणि दुपारी ती घरात नसेल तर त्या तशाच जाणार. गायन शिकवणारी माणसं ती. आठ दिवसांत सगळ्या पेठेत झालं असतं की मुकुंदरावांचा कान गेला. आप्पाजींना जेवण वाढायला शेजारच्या अंबूबाई आल्या असत्या, पण अंबूबाई काही सूर लावणार नव्हत्या. गेली तर आप्पाजींचं नाव जाणार, राहिली तर आपण असेच राहणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

आठवडाभर तिनं उलटंसुलटं केलं. मग ठरवलं की सांगायचं. आपल्या तोंडून ते शब्द निघणार नाहीत हे तिला माहीत होतं. पण हातच्या काकणाला आरसा कशाला? जानेवारीतली पेटी कॅसेटवर होतीच. आप्पाजी खोटं बोलणारे नव्हते, स्वतःशीही नाही. त्यांनी ती ऐकली तर त्यांचं त्यांनाच कळेल. ते दोन दिवस जेवणार नाहीत. मग म्हणतील, हेमा, आजपासून तू लाव. आणि मग तिला दुपारची चोरी करावी लागणार नाही. रविवार मोकळा मिळेल, शनिवारही मिळेल.

गुरुवारी राजस येलहंकाचा पत्ता लिहून देऊन गेला. चारला आप्पाजी उठले, चहा झाला, ते दुकानात आपल्या जागेवर येऊन बसले. तिनं टू-इन-वन समोर ठेवला.

"जरा ऐका आप्पाजी."

"काय आहे?"

"पेटी आहे. ऐकून सांगा."

आप्पाजींनी डोळे मिटले. मिक्सर सुरू झाला तेव्हा त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. मग पेटी आली. त्यांचा मांडीवरचा कापणारा हात थांबला. हेमावती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. पाच मिनिटं गेली, सात गेली. रस्त्यावर एक ऑटो बराच वेळ घरघरत राहिली आणि गेली.

"पेटी आपली," ते म्हणाले.

"हो."

"जानेवारीत ते पुण्याचं पोरगं घेऊन गेलं ती. मी सकाळी लावली होती." त्यांनी कान आणखी पुढे नेला. "भाता कोण ओढतंय? हात कच्चा आहे. एकसारखा वारा देत नाही, म्हणून हिंदकळतंय."

हेमावती म्हणाली, "आणि सूर?"

"सूर?" आप्पाजींनी डोळे उघडले. ते भरून आले होते. "सूर जिथल्या तिथे आहे. बंद कर ते."

तिनं बंद केलं.

"तुला सांगितलं नाही मी," ते म्हणाले. "दसऱ्यापासून माझ्या जिवाला घोर लागलाय. आज मी सूर जुळवतो, तू घासतेस, बरोबर येतो. दुसऱ्या दिवशी बसावं तर जुळत नाही. रोज असं. मी म्हटलं, मुकुंदा, तुझा कान गेला. झोप लागेना. दुपारी आत पडतो तेव्हा हेच डोक्यात. कुणाला विचारणार? तुला विचारलं तर तू खरं सांगशील याचीच भीती."

हेमावतीला उलगडा झाला. दुसऱ्या दिवशी जुळत नव्हतं, कारण दुपारी ती सगळं परत जागेवर आणत होती. त्यांचं नाव राखायला म्हणून तिनं जे केलं, त्यानंच त्यांना सात महिने आतून पोखरलं होतं.

"आणि आज ही ऐकली," आप्पाजी म्हणाले. "ही एकच पेटी मी लावली आणि तशीच गेली, माझ्यासमोर राहिली नाही. पाच महिन्यांनी पण मनासारखी आहे. म्हणजे कान आहे. मग रोज हलतंय काय?" त्यांनी डावा हात जुन्या लाकडावर ठेवला. "ही हलते. साठ वर्षांचं पितळ, थकलं बिचारं. मापाची पेटी हललीय." ते तिच्याकडे वळले. "तुझा कान माझ्याहून तरुण आहे हेमा. खरं सांग. मापाची पेटी हललीय ना?"

तो क्षण तिनं जन्मात पहिल्यांदा स्वतःसाठी मागून घेतला होता. नाही आप्पाजी, पेटी हलली नाही, एवढंच बोलायचं होतं. तिच्यासमोर तो म्हातारा माणूस बसला होता, चेहऱ्यावर दसऱ्यानंतर पहिल्यांदा थोडा उजेड आलेला, आणि उत्तराची वाट बघताना त्याचा खालचा ओठ लहान मुलासारखा थरथरत होता.

"हो आप्पाजी," ती म्हणाली. "हललीय."

आप्पाजींनी मोठा श्वास सोडला. त्या संध्याकाळी त्यांनी दोनदा भात मागून घेतला. अंबूबाई डोकावल्या तर त्यांना म्हणाले, "आमच्या हेमाला कान आहे. मला उगाच काळजी होती." ते वाक्य ऐकायला ती बारा वर्षं थांबली होती. आता ऐकलं आणि कुठे तोंड लपवावं ते तिला कळेना.

शनिवारी सकाळी त्यांनी मापाची पेटी उघडायला लावली. तिच्या सुरांना साठ वर्षांत कुणी कानस लावली नव्हती. आप्पाजींनी तिला नमस्कार केला, हेमावतीलाही करायला लावला. मग उलटा कारभार: नवी पेटी खरी धरून तिचा सूर आधी वाजवायचा, मग मापाच्या पेटीचा, आणि सांगायचं. चढव. आणखी. स्वल्प उतरव. एकेक सूर ती आपल्या हातानं खोटा करत गेली. पितळेचा पिवळा भुगा तिच्या पदरावर पडत होता. नऊ वाजले, दहा वाजले. येलहंकाच्या घरात दोन पेट्या उघड्या ठेवून तिघं जण वाट बघत असतील, हे तिला प्रत्येक पट्टीला आठवत होतं. मापाची पेटी संपल्यावर आप्पाजींनी नव्या पेट्यांवरही शेवटचा हात फिरवला. साडेबाराला सगळं संपलं. आप्पाजी जेवले आणि आत जाऊन झोपले. यावेळी त्यांना पडल्या पडल्या झोप लागली.

ती दोन्ही नव्या पेट्या घेऊन बसली. आता ताडून बघायला काही नव्हतं. मापाचा षड्ज तिनं आठवणीतून काढला, ओठ मिटून गुणगुणला आणि त्यावर एकेक सूर जागेवर आणत गेली. दीड तास लागला. पाचला विद्यालयाची माणसं आली, वाजवून खूश झाली, पेट्या गोणपाटात बांधून घेऊन गेली.

ती माणसं यायच्या आधी थोडा वेळ उरला होता. तिनं मापाच्या पेटीचा षड्ज दाबला आणि नव्या पेटीचाही दाबला. आवाज हेलकावू लागला, सावकाश, कॅसेटवर होता तसा. मापाची पेटी तिला पुन्हा पहिल्यासारखी लावता आली असती, हात तेवढे तयार होते. पण लावली तर उद्या आप्पाजींना पुन्हा जुळणार नव्हतं आणि ते पुन्हा दुपारी छताकडे बघत पडणार होते. पुढच्या आठवड्यात त्यांचा कान आणखी कुठे गेलेला असेल, तेव्हा पुन्हा नवं घासणं. ती ऐकत राहिली. या घरात खरा सूर आता फक्त तिच्या डोक्यात होता, आणि तो दुसऱ्या कुणाच्या हवाली करून बाहेर पडावं असं माणूस घरात नव्हतं.

आत खाट करकरली.

"हेमा, कोण वाजवतंय?"

"मीच, आप्पाजी."

"जुळलं का?"

तिनं दोन्ही पट्ट्यांवरची बोटं उचलली. "जुळलं," ती म्हणाली आणि चहाचं आधण ठेवायला उठली.